मधल्या नंबरची खुर्ची

गंगम्मा पहिल्यांदा क्लासवर आली त्या दिवशी तिला तिची मुलगी जेमतेम पाणी पिण्याएवढा वेळ भेटली, आणि त्याला कारण होतं माझा कॉम्प्युटर. माझा म्हणजे क्लासचा. मी फक्त त्याच्यासमोर बसायचे आणि लोकांची बोलणी खायचे. पुढे जे काही रामायण झालं त्यात माझा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी पहिल्या दिवशीच योग्य सल्ला दिला होता. तो कुणी ऐकला नाही.

शिखरबिंदू क्लासेस हा लातुरातला तालेवार क्लास. सगळ्या मराठवाड्यातून आलेली अकरावी-बारावीची हजारो पोरं, तीन मजल्यांची लांबलचक इमारत, खाली वर्ग आणि वर होस्टेल. मालक राघवेंद्र सर. ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात रँक काढायचे. दर रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी रँक, आणि सोमवारी संध्याकाळी खोल्यांची अदलाबदल. पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत पोरं ओळीनं खोल्यांमधून राहायची. नंबर पन्नासनं वर सरकला की गादी, बादली आणि देवाचा फोटो उचलायचा आणि पुढच्या खोलीत जायचं. सोमवारी संध्याकाळी जिन्यावरून नुसत्या गाद्या चाललेल्या दिसायच्या. त्यामुळे आपलं पोरगं या आठवड्यात कुठल्या खोलीत आहे हे कुठल्याच आईबापाला माहीत नसायचं. ते फक्त कॉम्प्युटरला माहीत होतं, आणि त्याला सांगायची घाई नव्हती.

गंगम्मा उदगीरची. नवरा धोंडप्पा, मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान. माहेर औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिच्या माहेरच्या घरात काय झालं ते ती कधी बोलली नाही, पण तेव्हापासून तिची एक सवय होती. जमीन जरा हलली, किंवा हलल्याचं नुसतं कुणी म्हटलं, की ती मिळेल ती एसटी पकडून लेकीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला यायची. फोनवरचं ‘बरी आहे’ तिला चालत नसे.

“त्या टायमाला बी समदे बरे हायत म्हणूनच सांगितलं हुतं मला,” ती म्हणायची.

ती दुपारी यायची आणि साडेतीनच्या उदगीर गाडीनं परत जायची. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि ती सुनेशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नसे. म्हणजे येणं आणि जाणं यांच्यामध्ये जो काही वेळ उरेल तेवढीच माय-लेकींची भेट. आणि तो वेळ माझ्या खिडकीत खर्च व्हायचा.

“माजी शिवानी कुठं हाय बगा की ताई,” ती म्हणाली.

मी नाव टाकलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. आमच्या डेटाबेसात प्रत्येक पोराच्या प्रत्येक पेपरातलं प्रत्येक उत्तर एकाच टेबलात कोंबलेलं होतं, आणि त्याला इंडेक्स म्हणून काही नव्हता. कॉम्प्युटर पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. ही शिवानी आहे का? नाही. ही? नाही. असं लाखो ओळींपर्यंत.

गंगम्मानं मला माझं गाव विचारलं, मी नांदेड म्हणाले, आई तिथंच असते म्हणाले, आणि मग ती त्या घड्याळाकडे बघत राहिली.

“हे काय करून राहिलंय?”

“शोधून राहिलंय, काकू.”

“बसून?”

तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. वीज आली तेव्हा कॉम्प्युटरनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शिवानी सापडली तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. दोघी जिन्यातच भेटल्या. गंगम्मानं डबा हातात दिला, लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बघितला आणि पदर सावरत स्टँडकडे पळाली. शिवानी डबा घेऊन तिथंच उभी राहिली. मला मनापासून राग आला, आणि राग आला की मी सरांच्या केबिनमध्ये जाते.

“सर, इंडेक्स टाकायला पाहिजे.”

“म्हणजे काय?”

“पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तसं. ती असली की पुस्तक पहिल्यापासून चाळावं लागत नाही.”

सर खूश झाले. त्यांना सगळ्याच सूची आवडायच्या. मी त्यांना प्रकार समजावून सांगितले. एक झाडासारखा इंडेक्स. सगळं क्रमानं लावलेलं, मधोमध उभं राहायचं आणि विचारायचं, हवं ते याच्या अलीकडे की पलीकडे? की निम्मं काम संपलं. मग उरलेल्याच्या मधोमध. असं दहा-पंधरा प्रश्नांत माणूस सापडतो. दुसरा कप्प्यांचा. नाव सांगितलं की थेट त्याचा कप्पा उघडतो, त्याहून झटपट. पण कप्प्यांना क्रम नसतो. कुणाच्या आधी कोण, ते कप्पे सांगत नाहीत.

“कुणाच्या पुढं कोण हेच कळणार नसेल तर त्याचा उपयोग काय?” सर म्हणाले. “झाड टाका.”

“झाड चालेल. पण कशावर टाकायचं ते लोक काय विचारतात त्यावर ठरतं, सर. आया गाव सांगतात, नाव सांगतात. गाव आणि नाव मिळून इंडेक्स टाकते. उदगीर, शिवानी. झालं.”

मी प्रार्थनेच्या वेळी सिनेमाचं गाणं लावायला सांगितल्यासारखं सरांचं तोंड झालं.

“मुग्धा, या क्लासमध्ये पोरगं गावावरून ओळखलं जाणार नाही. रँकवर टाका.”

“आईला रँक माहीत नसते.”

“मग तिनं माहीत करून घ्यावी!”

हाच तो माझा सल्ला, आणि ही त्याची गत. नोकरी त्यांची होती. मी रँकवर झाड लावलं. नंबर टाकला की डोळा मिटायच्या आत पोरगं पडद्यावर यायला लागलं. सर दिवसभर येऊन उगाचच नंबर टाकून बघायचे आणि हसायचे.

पुढच्या खेपेला गंगम्मा आली. अहमदपूरकडं कुठंतरी जमीन हलून भांडी वाजली होती म्हणे.

“नंबर सांगा, काकू.”

“कसला?”

“शिवानीचा.”

“थोरली हाय ती. पयली.”

मी एक टाकला. क्षणात उत्तर आलं आणि शिपाई वर धावला. तो घेऊन आला हदगावच्या अमरनाथला, जो सगळ्या क्लासमध्ये पहिला होता. उंच, हडकुळा, डोळ्यांखाली काळं. त्यानं गंगम्माकडे बघितलं, गंगम्मानं त्याच्याकडे. त्याची आई हदगावला, इतक्या लांबून ती वर्षातून एकदा यायची. गंगम्मानं मुकाट्यानं डबा उघडला आणि अर्धा त्याला खाऊ घातला. तोवर वीज गेली आणि उरलेला अर्धा डबा खिडकीत ठेवून ती स्टँडकडे गेली. त्या दिवशी तिला शिवानी दिसलीच नाही. ती खिडकीतून मला फक्त एवढंच म्हणाली, “दिसली न्हाई की झोप न्हाई येत, ताई.” मी पुन्हा सरांच्या केबिनमध्ये गेले. या वेळी दार न वाजवता.

“वीज गेली की सगळं बंद पडतं,” मी म्हणाले. “इन्व्हर्टर घ्या, आणि माझं ऐकून गावावर—”

“झाडाला वीज कशाला लागते?” सर म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. सर थट्टा करत नाहीत हे मी विसरले होते.

सोमवारी सकाळी क्लासमध्ये पोरांचंच झाड उभं राहिलं. फाटकाशी एक पोरगं, दोन्ही जिन्यांच्या पायथ्याशी एकेक, प्रत्येक मजल्यावर दोन, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक. पालकानं फाटकावर नंबर सांगायचा. फाटकावरचा आपल्या नंबराशी ताडून बघणार आणि म्हणणार, डावीकडे किंवा उजवीकडे. जिन्यापाशी पुन्हा तेच. असं करत करत पालक बरोबर आपल्या पोराच्या दारात. सोमवारचे नंबर आता सर पेपरात छापून आणायला लागले होते, त्यामुळे गावोगावच्या आया नंबर पाठ करून यायच्या. शपथेवर सांगते, ते झाड माझ्या कॉम्प्युटरपेक्षा झकास चालायचं.

फक्त पहिल्या दिवशी एक घोटाळा झाला. सरांनी मानाची जागा म्हणून फाटकावर अमरनाथला उभं केलं. पहिला नंबर, प्रवेशद्वारी. झालं, प्रत्येक पालकाला तो म्हणायचा, “पलीकडं.” डावा जिना ओस आणि उजव्यावर चेंगराचेंगरी.

“सर, झाडाच्या तोंडाशी मधला नंबर लागतो,” मी सांगितलं. “बरोबर मधला. तरच निम्मे इकडे, निम्मे तिकडे.”

सरांना फार यातना झाल्या. या क्लासमध्ये मधला नंबर कुणी कधी बघितलाच नव्हता. पहिल्यांचे फोटो लागायचे, शेवटच्यांचे बाप बोलावले जायचे, आणि मधे हजारो पोरं कुणाच्या नजरेला न पडता गाद्या उचलत राहायची. सरांनी यादी मोजत नेली आणि मधोमध बोट ठेवलं. तिथं शिवानी होती.

तिला फाटकावर आणलं. दिवसभर उभी कशी राहील म्हणून सरांच्या केबिनमधली गादीची खुर्ची आली. ऊन लागेल म्हणून मंडपवाल्याची छत्री आली. पाण्याचा माठ आला. येणारा प्रत्येक पालक तिच्यासमोर थांबून, वाकून, नंबर सांगायचा आणि ती हात करेल तिकडे जायचा. आणि प्रत्येकाच्या हातात डबा असल्यामुळे, आपल्या पोराआधी समोर दिसलेल्या पोरीला “घे गं बाई, तू बी घे” असं व्हायचं. रेणापूरची धपाटी, हदगावचे शेंगदाण्याचे लाडू, देगलूरकडचं काही तिखटजाळ, ज्याचं नाव मला अजून कळलेलं नाही. शिवानीच्या गालांवर आठवड्यात तेज आलं.

आणि त्या गुरुवारी गंगम्मा आली. एसटीतून उतरली, रस्ता ओलांडला आणि फाटकावरच लेक. ना खिडकी, ना नंबर, ना जिना. ती खुर्चीशेजारच्या पायरीवर बसली ती गाडीची वेळ होईपर्यंत. तिनं शिवानीच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, सासूची गाऱ्हाणी सांगितली, मधेच शिवानी कुणाला तरी “डावीकडं, काका” म्हणायची आणि पुन्हा आईकडे वळायची. मी खिडकीतून बघत होते. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी प्रिंटरवर ओरडले नाही. तेव्हापासून गंगम्मा जमीन हलायची वाट न बघता दर गुरुवारी यायला लागली.

पण रविवार आला की परीक्षा होती, आणि नंबर म्हणजे काही सातबाऱ्यावरची नोंद नाही. सोमवारी खुर्चीवर दुसरं कुणी यायला हवं होतं. आलं नाही. शिवानीच मधोमध. त्याच्या पुढच्या सोमवारीही तीच. मला संशय आला. मी तिचे पेपर उघडले. प्रत्येक पेपरात तिनं निम्मे प्रश्न सोडवले होते, एकही न चुकता, आणि निम्मे कोरे.

“शिवानी, हे काय करून राहिलीस?”

तिनं मान खाली घातली. आईला ती अव्वा म्हणायची. “ताई, मला समदं येतंय. पण नंबर वर गेला की खुर्ची जाती. मग अव्वाला जिने चढाय लागतील, हुडकाय लागंल. तिच्याकडं टाइमच किती असतोय.”

“तुला डॉक्टर व्हायचंय ना?”

“व्हायचंय की.”

“मग पुढं खऱ्या परीक्षेत?”

“तिथं पुरा लिहीन म्हणते.” ती पेपराच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवत राहिली. “पण आता ताई, निम्म्यावर आलं की हात आपसूक थांबतोय. लिहावं म्हटलं तरी पुढं जात न्हाई.”

सरांना सांगावं तर ते खुर्ची काढून घेणार, न सांगावं तर पोरगी निम्म्यावरच थांबणार. मी तिला खूप बोलले. ती ऐकून घ्यायची आणि गुरुवारी आईची वाट बघत बसायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निस्तरलं असतं. पण ती खुर्ची सगळ्यांनाच दिसत होती. प्रत्येकाची आई कुठल्या ना कुठल्या गाडीनं यायची आणि प्रत्येकाला ती लवकर भेटायला हवी होती. पोरं हिशेब करायला लागली. मग पालक करायला लागले. एका सोमवारी मी माझ्या खिडकीत बसलेली असताना अमरनाथचे वडील त्याला झापताना ऐकले.

“पुन्हा पहिला? तिसऱ्या मजल्यावर, पार टोकाला! त्या धोंडप्पाची पोरगी बघ, कशी मधोमध हाय. तुला काय कमी केलं मी?”

अमरनाथ रडत म्हणाला, “लई ट्राय करतो बाबा, चुकतच न्हाई.”

राघवेंद्र सरांना वारा कळायचा. दहा दिवसांत त्यांनी ‘मध्यम बॅच’ सुरू केली. पेपरात मधल्या पोरांचे गुलाल लावलेले फोटो आले, खाली मोठ्या अक्षरांत ‘सलग पाचव्यांदा मधोमध!’ शेजारच्या क्लासनं लगेच ‘अचूक मध्य’ म्हणून बोर्ड लावला. ट्युशनच्या रस्त्यावरच्या पुस्तकवाल्यांकडे पन्नास टक्क्यांची मार्गदर्शकं आली. पोरं देवळात जाऊन पन्नास मागायला लागली. आणि सर फळ्यासमोर उभं राहून घसा फोडून शिकवायचे, “बरोबर निम्मे मार्क घ्यायचे तर किती लिहायचं आणि किती सोडायचं हे नेमकं कळलं पाहिजे. त्यासाठी आधी सगळंच बरोबर यायला पाहिजे. अंदाजपंचे निम्मं कुणालाही जमतं!”

याचा परिणाम असा झाला की सगळ्या क्लासला सगळं यायला लागलं. शेवटच्या नंबराच्या पोरांनाही. मी उत्तरपत्रिका बघायचे आणि चक्रावून जायचे. एवढी हुशार पोरं मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि त्यातलं एकही निम्म्याच्या पुढे लिहायला तयार नव्हतं.

मग तो सोमवार उजाडला. निकाल लागला. दोनशेपैकी प्रत्येकाला शंभर. अमरनाथला शंभर, शिवानीला शंभर, ज्याला तीन महिने बाप बोलावून आणायला सांगत होते त्यालाही शंभर. राघवेंद्र सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्यूनला पेढे आणायला पाठवलं.

मला रडू आलं ते वेगळ्या कारणानं. मी म्हणाले, “सर, झाड मेलं.”

“का?”

“सगळे सारखे असले की इंडेक्स काय करणार? अलीकडे कोण आणि पलीकडे कोण?”

बाहेर तेच चाललं होतं. फाटकावरच्या खुर्चीचे दावेदार हजारो. सगळे पहिले, सगळे शेवटचे, सगळे मधले. नियमाप्रमाणे आपल्याइतकाच नंबर असला तर तिथंच थांबायचं होतं, म्हणून सगळे तिथंच थांबले. इमारत रिकामी आणि फाटकाशी मुंगीला जागा नाही. खुर्चीवर एकाच वेळी अकरा जण बसले होते आणि तिचा एक पाय मोडला होता.

नेमकी त्याच वेळी जमीन हलली.

फार नाही. माठातलं पाणी हिंदकळलं, माझ्या खिडकीची काच किणकिणली, इमारतीच्या पोटातून कुणी गोणी ओढत नेल्यासारखा आवाज आला आणि थांबला. पण आमच्या भागात याला ‘फार नाही’ असं कुणी म्हणत नाही. पोरं जी उधळली ती थेट मागच्या मैदानात, जो जिथं सापडेल तिथं. कुणाला खरचटलंही नाही. वीज मात्र गेली, फोन लागेनात, आणि दुपारी एकापासून एसटीच्या प्रत्येक गाडीतून आया उतरायला लागल्या.

मराठवाड्यात इतक्या आया असतील असं मला वाटलं नव्हतं. रेणापूर, निलंगा, चाकूर, देगलूर, सगळ्यांच्या. कुणी हाताचं पीठ न धुता निघालेली, कुणी एका पायात नवऱ्याची चप्पल घातलेली. सर मोडक्या खुर्चीवर चढून ओरडत होते, “नंबर सांगा! नंबर सांगा!” आणि फाटकावर लावलेला निकाल बघून सगळ्या म्हणत होत्या, “शंभर!”

“मुग्धा,” सर खाली उतरून माझ्याकडे आले. त्यांचा आवाज बसला होता. “आता कुठला इंडेक्स?”

“कुठलाच नाही. आता सगळं टेबल बघायचं. एकेक ओळ.”

“ते तर सगळ्यात हळू!”

“हाव,” मी म्हणाले.

गंगम्मा गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. तिचे ओठ सुकले होते. नेहमीच्या जागी लेक नव्हती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना.

“शिवानी?”

“काकू, बरी आहे ती, सगळी बरी—” मी बोलता बोलता थांबले. तिला हे चालत नाही हे मला माहीत होतं. “मैदानात आहे. पण कुठं ते कळायला मार्ग नाही. एकेक पोरगं बघावं लागेल.”

“मग बगू की,” ती म्हणाली.

आणि तिनं पहिल्या पोरापासून सुरुवात केली. हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं, नीट बघायचं. “तू न्हाईस. लागलं न्हाई ना कुठं? बरं.” पुढचं. “तू न्हाईस. जेवलास का?” पुढचं. तिचं बघून रेणापूरच्या बायका तेच करायला लागल्या, मग देगलूरच्या. थोड्या वेळानं सगळं मैदान त्याच कामाला लागलं. पोरं आपोआप ओळीत उभी राहिली आणि आया ओळींतून चालू लागल्या, एकेक चेहरा हातात घेत, नाही म्हणत, पण गाल पुसून मगच पुढे जात. ज्या पोरांच्या आया येणार नव्हत्या तीही बघितली गेली, एकदा नाही, शंभरदा. अमरनाथ गंगम्माच्या हाताखालून गेला आणि मी बघते तर तो मागून वळसा घालून पुन्हा पुढच्या ओळीत येऊन उभा. गंगम्मानं पुन्हा त्याची हनुवटी धरली.

“तुला मगाशीच बगितलं की रं.”

“हाव,” तो म्हणाला. “आणि एकदा बघा.”

तिनं पुन्हा बघितलं, तितकंच नीट. त्यानंतर तशी बरीच पोरं वळसा घालायला लागली आणि काम आणखीच लांबलं. मी संगणकशास्त्र शिकलेली बाई आहे. एवढा वाईट शोध मी कधी बघितला नाही. मी त्या ओळींच्या मधे उभी होते, हातात कॉम्प्युटरवरून उतरवलेल्या नंबरांची निरुपयोगी वही, आणि गंगम्मा माझ्यापाशी आली तेव्हा तिनं माझीही हनुवटी धरली. बहुतेक सवयीनं. “तू बी न्हाईस,” ती म्हणाली. “फोन लागला की तुज्या आईला सांग, नांदेडला. वाट बगत आसंल.”

शिवानी सापडली ती पार शेवटच्या ओळीत. गाडीला दहा मिनिटं होती. गंगम्मानं तिचा चेहरा धरला, आणि या वेळी ‘नाहीस’ म्हणाली नाही. दोघी स्टँडकडे निघाल्या, झपाझप, हात धरून. मीही मागोमाग गेले, उगाचच.

गाडी लागलेली होती. इंजिन सुरू होतं. शिवानी रडायला लागली.

“अव्वा, मी मुद्दाम मधी राहत हुते. मला समदं येतंय, पण निम्मंच लिहीत हुते. तू आलीस की लगीच घावावं म्हणून.”

गंगम्मा पायरीवर एक पाय ठेवून थांबली. तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं रागानं लेकीकडे बघितलं, खरोखरच्या रागानं, मी तिला तशी कधी बघितली नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली.

“येडी हायस का तू? माज्या डोळ्यास्नी काय झालंय?” ती वर चढली आणि दारातच वळली. “तू पुरा पेपर लिही. हुडकायचं काम माजं हाय.”